खातेदार हयात आहे

जगात दोन प्रकारची माणसे असतात. एक, ज्यांच्या हातून काही घडते. आणि दुसरी, जी ते लिहून ठेवतात. पहिल्या प्रकारच्या माणसांचे पुतळे होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांना पाठीचे दुखणे होते. मी दुसऱ्या प्रकारचा. बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो त्याला वीसएक वर्षे झाली. एवढ्या तपश्चर्येनंतर माणसाला एकच साक्षात्कार होतो : जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही. तुम्ही पैसे भरलेत? स्लिप दाखवा. सही केलीत? नमुन्याशी जुळते का पाहू. जिवंत आहात? दाखला आणा.

अशा माणसाने बेडकाविषयी लिहावे हे मलाही चमत्कारिक वाटते. पण दोष बेडकाचा नाही, चिरंजीवांचा आहे. चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत आणि 'वाळवंटातील प्राणिजीवन' असल्या काहीतरी विषयावर त्यांना प्रकल्प करायचा होता. हल्ली प्रकल्प मुलांना देतात आणि करतात आई-बाप. मी चष्मा लावून संगणकापुढे बसलो, तो समोर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहांची एक यादी उघडी पडलेली. सौ.ने मागून डोकावून पाहिले आणि "काय हे लॅटिन!" म्हणून ती कुकर बंद करायला गेली. मला मात्र माहेरी आल्यासारखे वाटले. कारण ते लॅटिन नव्हतेच मुळी. ते लेजर होते!

पहिल्या रकान्यात नोंदणी क्रमांक. मग नाव. मग गाव, तालुका म्हणजे तिकडची काउंटी, राज्य. तारीख. पकडणाऱ्याचे नाव. नर की मादी की पिल्लू. शेवटी शेरा : 'अल्कोहोलमध्ये'. हा शेरा आमच्याकडेही काही खातेदारांच्या बाबतीत लिहिता आला असता, पण तसा रकाना हेड ऑफिसने ठेवलेला नाही. असो. ओळीमागून ओळी, ओळीमागून ओळी, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक बेडूक. एकाच जातीचा बेडूक. प्रत्येकाला स्वतंत्र खाते क्रमांक.

खातेदाराचा परिचय करून देणे भाग आहे. इंग्रजीत याला 'काउचचा स्पेडफूट' म्हणतात. मागच्या दोन्ही पायांना कोयत्याच्या आकाराचा एकेक काळा, कठीण कंगोरा असतो. तेच त्याचे फावडे. आपण त्याला फावड्याच म्हणू. रंग पिवळट-हिरवट, डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी, लांबी फार तर तीन-साडेतीन इंच. मुक्काम ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि खाली उत्तर मेक्सिको. म्हणजे जिथे पाणी नाही अशी जागा निवडून तिथे जन्म घेणारा बेडूक. आमच्यात कॅशची चुणूक असलेल्या माणसाला नेमके लोन डिपार्टमेंटला टाकतात, त्यातलाच प्रकार.

आता 'काउच' कोण? तर डॅरियस काउच नावाचा अमेरिकन लष्करातला अधिकारी. १८५३ साली या गृहस्थाने लष्करातून रजा घेतली. लग्न-मुंज, घराची डागडुजी, असल्या कारणासाठी नव्हे. उत्तर मेक्सिकोत जाऊन साप-बेडूक-पक्षी गोळा करण्यासाठी. असला रजेचा अर्ज आमच्या मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला असता तर त्यांनी मला रजा नसती दिली, डॉक्टरकडे मात्र जरूर पाठवले असते. काउचने जमवलेला माल स्मिथसोनियन या संस्थेकडे गेला, आणि तिथल्या स्पेन्सर बेअर्ड यांनी १८५४ साली या बेडकाचे वर्णन छापून त्याला काउचचे नाव दिले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात काउच मेजर जनरल झाला. पण आज त्याच्या लढाया किती लोकांना आठवतात? त्याचे नाव दर पावसाळ्यात घेतले जाते ते या बेडकामुळे. माणसाने कोणत्या खात्यात गुंतवणूक करावी, काही सांगता येत नाही.

फावड्याची दिनचर्या सांगण्याजोगी नाही, कारण त्याला दिनचर्याच नाही. तो वर्षाचे आठ-दहा महिने जमिनीखाली हातभर किंवा त्याहून खोल, स्वतःला गाडून घेऊन बसतो. पायातल्या फावड्यांनी माती मागे सारत, उलट्या पावलांनी तो खाली जातो. निवृत्त होणारा साहेब केबिनमधून निघतो तसा. भोवतालची माती सुकत गेली की तो अंगात युरिया साठवू लागतो, म्हणजे शरीरातले पाणी मातीकडे जायला तयार होत नाही. मग एखाद्या जुलैमध्ये ढग गडगडतात, पावसाचे थेंब जमिनीवर ताशा वाजवतात आणि त्या हादऱ्याने तो जागा होतो. ओलाव्याने नव्हे, हादऱ्याने. मार्क डिमिट आणि रोडोल्फो रुईबाल या दोघांनी १९८० साली ही गोष्ट प्रसिद्ध केली. मग एका रात्रीत सगळा कारभार. साचलेल्या डबक्यावर नर जमतात आणि बेडकासारखे नव्हे, शेळीसारखे ओरडतात. माद्या येतात, अंडी होतात, दिवसाभरात ती फुटतात आणि परिस्थिती अनुकूल असली तर सात-आठ दिवसांत पिल्ले पाय फुटून डबक्याबाहेर पडतात. डबके त्याआधी आटले तर सगळी जातात. मुदतवाढ नाही.

जेवणाचेही तसेच. पहिल्या पावसात उडणारी वाळवी हा त्यांचा पुरणपोळीचा बेत. याच दोघांच्या अभ्यासात आढळले की फावड्या एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या पंचावन्न टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि त्या एका जेवणावर वर्ष काढू शकतो. मी सत्तर किलोचा. म्हणजे मला एका पंक्तीला साडेअडतीस किलो जेवावे लागेल. आमच्या हेडकॅशियरना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त "वर्षातून एकदाच?" एवढे विचारले.

आता परत यादीकडे. चार पाने खाली गेल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. तारखांचा रकाना पाहा : जुलै, ऑगस्ट, जुलै, जुलै, ऑगस्ट, क्वचित सप्टेंबर. डिसेंबर-जानेवारी जवळजवळ कोरे. गावांचा रकाना पाहा : अमुक रस्त्यावर, तमुक गावापासून इतके मैल, अमुक हमरस्त्याच्या कडेला. यावरून एखाद्या ऑडिटरने काय निष्कर्ष काढावा? की हा प्राणी फक्त उन्हाळी पावसात अस्तित्वात असतो आणि डांबरी रस्त्याच्या कडेने राहतो! खरी गोष्ट एवढीच, की बेडूक पकडणारे प्राध्यापक सुट्टीत येतात, पावसाच्या रात्री मोटारीने हिंडतात आणि दिव्याच्या झोतात जो दिसेल त्याला धरतात. नोंद बेडकाची म्हणून आपण वाचतो. तिच्यात अर्धी माहिती नोंद करणाऱ्याची असते. जानेवारीतही फावड्या होताच. मोटार चालली होती त्याच रस्त्याच्या खाली होता. पण त्याच्या खात्यावर व्यवहार नव्हता.

दोन वर्षे खातेदाराने स्वतः होऊन व्यवहार केला नाही की आम्ही त्या खात्याला 'निष्क्रिय' म्हणतो. शब्द मोठा फसवा आहे. खाते निष्क्रिय असते; माणूस निष्क्रिय असेलच असे नाही. आणि याहून कठीण प्रकार नोव्हेंबरात असतो. पेन्शनरांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. नाही दिला तर पेन्शन थांबते. बहुतेक जण एक तारखेलाच हजर असतात, जणू यमदूताला पावती दाखवायची आहे. एक वर्षी एक आजी आल्या नाहीत. कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या, खणखणीत बाई. लेकीकडे गेल्या होत्या, तिथे आजारी पडल्या, अंथरुणाला खिळल्या. फेब्रुवारीत काठी टेकत काउंटरवर आल्या तर पेन्शन बंद. मी रीतसर सांगितले, "आजी, नोव्हेंबरचा दाखला नाही, म्हणून थांबलंय. आता देऊ, मागचंही मिळेल." आजींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मिळेल रे बाबा. पण मी आले नाही, म्हणून मी नव्हतेच का?"

मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्या होत्या. शेवटी कागदी फॉर्म भरला, सही घेतली, मागची थकबाकी जमा झाली. प्रश्न मात्र जमा झाला नाही. तो काउंटरवरच राहिला.

त्या यादीतल्या कोऱ्या महिन्यांकडे पाहताना मला तो ऐकू आला. लिहिलेले नाही ते झालेलेच नाही, हा आमचा धर्म व्यवहाराला ठीक आहे. पण 'नोंद नाही' आणि 'नाही' या दोहोंत एक अख्खे जिवंत माणूस मावते, आणि एक बेडूकही मावतो.

बरे, जी नोंद आहे ती तरी बरोबर असते का? ॲरिझोनातले टूसॉन शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला बत्तीस अंशांवर आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला एकशे अकरा अंशांवर येते. पश्चिम म्हणून आकड्यामागे उणे चिन्ह टाकायचे. टंकताना ते चिन्ह राहिले तर तोच बेडूक चीनच्या हुबेई प्रांतात जाऊन पडतो! असल्या नोंदी या याद्यांत सापडतात आणि त्या निस्तरायला माणसे बसवलेली असतात. एका आडव्या रेघेने सात समुद्र ओलांडणारा बेडूक मारुतीनंतर हाच. उणे चिन्हाचे माहात्म्य मला कुणी शिकवायला नको. नावे आणि जमा यांच्यात तेवढेच अंतर असते.

इथपर्यंत गंमत होती. मग मी चिरंजीवांना विचारले, "काय रे, हा क्रमांक बेडकाला देतात कधी?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, मेल्यावर. म्हणजे मारल्यावर. आधी फॉर्मॅलिन, मग सत्तर टक्के अल्कोहोल, पायाला दोऱ्याने चिठ्ठी."

आमच्याकडे माणूस जिवंत असताना खाते उघडतात आणि तो गेल्यावर बंद करतात. इथे उलटे. खाते उघडण्यासाठी मरण ही अट. त्या यादीतली एकेक ओळ म्हणजे काही रस्त्यावर चाकाखाली आलेले सोडले तर एकेक मुद्दाम घेतलेला जीव. दहा महिने मातीत धीर धरून बसलेला, ढगाच्या एका आवाजावर विश्वास ठेवून वर आलेला, आणि पहिल्याच रात्री 'नोंदला' गेलेला. एखाद्या जिवाची नोंद करण्यासाठी त्या जिवालाच खर्ची घालणे योग्य आहे काय? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हा प्रश्न कसा सोडवला असता ते सांगवत नाही. मी तो घरात आणि बँकेत मतदानाला टाकला.

सौ. म्हणाली, "त्या बेडकानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?" तिच्या दृष्टीने खटला तिथेच संपला.

हेडकॅशियर म्हणाले, "एकेक मादी हजारांनी अंडी घालते. त्यात एक गेला तर काय बुडालं?" हे म्हणणारा माणूस कॅशमध्ये पाच रुपये कमी आले तर अख्ख्या स्टाफला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतो. लाखोंच्या रोकडीत पाच रुपये म्हणजे काय, असे त्याला कुणी विचारले तर तो म्हणतो, "प्रश्न पाच रुपयांचा नाही, हिशेबाचा आहे." तेच. रास मोठी म्हणून एकाचा हिशेब माफ होत नाही.

चिरंजीव म्हणाले, "हल्ली फोटो काढतात, आवाज टेप करतात. मारायचं कशाला?" मुद्दा साधार होता. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात बेन मिंटीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी हेच लिहिले होते : दुर्मीळ प्राणी आता गोळा करू नका; फोटो, आवाज, चिमूटभर ऊती यांवर भागवा. मिंटीर हे ॲरिझोनातल्याच विद्यापीठातले, म्हणजे फावड्याच्या गावचे. त्यावर शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी सही करून उलट उत्तर दिले. सह्यांची संख्या पाहून मला आमच्या युनियनची आठवण झाली, पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता.

तो मुद्दा कळायला मला एकच शब्द पुरला. हे लोक बाटलीतल्या त्या नमुन्याला काय म्हणतात ठाऊक आहे? 'व्हाउचर'! वाचून मी खुर्चीतून उठलोच. व्हाउचर म्हणजे काय हे मला विचारा. लेजरातली नोंद हे कुणाचे तरी म्हणणे असते. व्हाउचर हा त्या म्हणण्याचा पुरावा. संशय आला की पुन्हा काढून पाहता येतो. फोटो म्हणजे झेरॉक्स. कामचलाऊ असते, पण तिच्यातून नवे काही विचारता येत नाही. मूळ कागदाला विचारता येते, आणि ज्याने तो फाइलला लावला त्याच्या स्वप्नातही नसलेला प्रश्न विचारता येतो.

उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी पक्ष्यांची अंडी पेटाऱ्यांत जमवून ठेवली होती. १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी ससाण्याची ती जुनी अंडी मोजली-तोलली, तेव्हा दिसले की १९४७च्या सुमारापासून कवचे पातळ होत गेली आहेत. त्यातून डी.डी.टी.चा गुन्हा उघड झाला. बेडकांमध्ये एक जीवघेणी बुरशी पसरली आहे हे विज्ञानाला १९९०च्या दशकाच्या अखेरीस कळले. मग संशोधकांनी संग्रहालयातल्या जुन्या बेडकांच्या कातडीवरून बोळे फिरवले, आणि २०११ साली दाखवून दिले की ही बुरशी १९७०च्या दशकात दक्षिण मेक्सिकोत होती आणि पुढे ग्वाटेमाला, कोस्टा रिका असा तिचा माग लागतो. बेडूक बाटलीत गेले तेव्हा या रोगाला नावही नव्हते. बर्कलीचे संग्रहालय १९०८ साली निघाले. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी १९१० सालीच लिहून ठेवले होते की आमच्या कामाचे खरे मोल कळायला कदाचित शंभर वर्षे लागतील. इतकी लांब मुदतीची ठेव मी तरी पाहिलेली नाही.

म्हणजे सौ.चे बरोबर, आणि शंभर शास्त्रज्ञांचेही बरोबर. मग? अशा वेळी तत्त्वज्ञ डोळे मिटतात, बी.कॉम. माणूस ताळेबंद उघडतो. त्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवलेली असते आणि ती ऐकून बाहेरच्या माणसाला नेहमी नवल वाटते. लोकांनी बँकेत ठेवलेले पैसे ही बँकेची मालमत्ता नव्हे. ते बँकेचे देणे. तिजोरी भरलेली दिसते, पण ठेवी लिहायच्या देण्याच्या बाजूला. मला वाटते, संग्रहालयांचा घोळ असला तर इथेच आहे. 'आमच्याकडे इतके हजार नमुने आहेत' असे ती मालमत्तेच्या बाजूला अभिमानाने लिहितात. ते नमुने ठेवी आहेत. त्यासुद्धा सक्तीच्या, ठेवीदाराची सही न घेता घेतलेल्या. त्या देण्याच्या बाजूला लिहिल्या की प्रश्न बदलतो. 'घेणे योग्य होते का' याच्या जोडीला 'घेतले, त्याचे काय देणे लागतो' असा प्रश्न उभा राहतो.

आणि मग हिशेब सरळ होतो. गरजेपेक्षा एकही जास्त घ्यायचा नाही, कारण प्रत्येकाबरोबर कर्ज वाढते. जो घेतला त्याची तारीख, जागा, परिस्थिती अचूक लिहायची. चिठ्ठी हरवलेला बेडूक हा नमुना नव्हे, ती नुसती हत्या. उणे चिन्ह विसरणे ही तिथे टंकनदोषाची बाब उरत नाही, कारण त्या नोंदीसाठी कुणीतरी जीव मोजलेला असतो. आणि जमलेले व्याज मेलेल्याला देता येत नाही, म्हणून ते त्याच्या वारसांना द्यायचे, म्हणजे अजून मातीखाली बसलेल्यांना.

वारसांची गरज खरी आहे. पावसाच्या हादऱ्याने फावड्या उठतो हे मी वर सांगितले. पण मोटरच्या घरघरीनेही तो उठतो. कॅलिफोर्नियात ब्रॅटस्ट्रॉम आणि बोंडेलो यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटारसायकलचा टेप केलेला आवाज ऐकवला, तर हे बिचारे पाऊस आला समजून वर आले. वाळवंटात फटफट्या उडवणाऱ्यांना ठाऊकही नसते की ते कुणाच्या दारावर खोटी थाप देत आहेत. वर पाऊस नाही, डबके नाही, वाळवी नाही. आमच्याकडे याला बनावट सही म्हणतात आणि शिक्षा असते. फावड्या कधी उठतो, कुठे उठतो, हे त्या कंटाळवाण्या रकान्यांतूनच कळते. आणि कळले तर त्या दिवसांत त्या वाटेने फटफट्या जाऊ नयेत, एवढे तरी सांगता येते.

आपल्या दख्खनच्या मातीतही मागच्या पायाला फावडे असलेला एक बेडूक आहे. फावड्याशी नाते नाही, घराणे वेगळे. धंदा मात्र तोच. वर्षभर जमिनीत, पहिल्या पावसाला वर. त्यालाही कुणी हयातीचा दाखला मागत नाही, आणि त्याच्यावर काँक्रीट ओतताना तो खाली आहे का हे कुणी विचारत नाही. नोंद नाही, म्हणजे नसेलच.

चिरंजीवांच्या प्रकल्पाला दहापैकी सात गुण मिळाले. 'माहिती चांगली, पण बँकेचे उल्लेख अनावश्यक' असा शेरा होता. शेरा मारणाऱ्याशी वाद घालू नये, हे मी नोकरीत शिकलो आहे. मात्र परवा निष्क्रिय खात्यांची यादी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी तिच्यावर नुसती सही केली नाही. एकेक नाव सावकाश वाचले आणि फोन उचलला. सहा जण सापडले. एक तर चक्क ओरडलेच माझ्यावर, "अहो, आहे मी! कुठं जाणार?"

आवाज थोडा शेळीसारखा होता. पण ऐकून फार बरे वाटले.